बालीगंजचा पडदा

कलकत्त्याच्या दक्षिण भागात बालीगंज नावाची वस्ती आहे. गडियाहाटचा गजबजलेला बाजार, जुन्या दुमजली घरांच्या हिरव्या झडपांच्या खिडक्या, आणि त्या घरांच्या जागी एकेक करून उभ्या राहिलेल्या उंच इमारती असे तिचे रूप आहे. हाजरा रोडवरचे महाराष्ट्र निवास तेथून फार दूर नाही. त्यामुळे त्या शहरात नव्याने बदलून आलेल्या मराठी नोकरदाराचे पाय पहिल्या आठवड्यातच या बाजूला वळतात. सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझेही तसेच झाले. आणि तेथेच, एका जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत, आज ज्याविषयी मी बोलणार आहे त्या गोष्टीशी माझा परिचय झाला.

त्या खोलीत तीस-पस्तीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. समोर भिंतीवर पांढरा पडदा होता. परदेशातून आलेल्या एका पाहुण्याने हुगळी नदीवर तयार केलेला अनुबोधपट दाखवायचा होता आणि तो संपल्यावर पाहुण्याने प्रेक्षकांशी बोलायचे होते. तिकीट नव्हते, जाहिरात नव्हती. चित्रपट शांत होता. पाणी, घाट, होड्या, संध्याकाळचा उजेड. निवेदन जवळजवळ नाहीच. दिवे लागल्यावर पहिला प्रश्न विचारला तो मागच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी. ते म्हणाले, "आपण आमच्या नदीकडे पाहिलेत, नावाड्याकडे पाहिलेत. पण नावाडी जेव्हा आपल्याकडे पाहू लागला, तेव्हाच नेमके दृश्य तुटले. असे का?" पाहुणा क्षणभर गप्प राहिला. मग प्रांजळपणे म्हणाला, "त्याच्या नजरेची मला भीती वाटली."

श्रोतेहो, त्या एका प्रश्नोत्तरासाठी ती संध्याकाळ माझ्या स्मरणात राहिली आहे. नाट्यगृहासारख्या मोठ्या चित्रमंदिरात असा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि विचारला तरी उत्तर द्यायला तेथे कोणी नसते. पडदा बोलतो, आपण ऐकतो आणि घरी जातो. त्या छोट्या खोलीत मात्र चित्रपट करणारा आणि चित्रपट पाहणारा समोरासमोर बसले होते. अशी खोली कोणी, केव्हा आणि कशासाठी निर्माण केली, याचा मी त्यानंतर शोध घेऊ लागलो. तो शोध मला लंडनपासून मुंबईच्या मलबार टेकडीपर्यंत आणि तेथून पुन्हा कलकत्त्याला घेऊन आला.

या प्रथेचा उगम शोधू गेल्यास १९२५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फिल्म सोसायटीपाशी आपण येऊन पोहोचतो. बाजारात ज्यांना गिऱ्हाईक नव्हते, किंवा सरकारने ज्यांना जाहीर खेळाची परवानगी दिली नव्हती, असे चित्रपट सभासदांपुरते दाखवावेत, हा तिचा उद्देश होता. याच सोसायटीने नोव्हेंबर १९२९ मध्ये आयझेन्स्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन' दाखविला. इंग्लंडमध्ये त्या चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाला १९५४ पर्यंत बंदी होती. त्याच खेळात जॉन ग्रीअर्सनचा 'ड्रिफ्टर्स' हा उत्तर समुद्रातील हेरिंग माशांच्या कोळ्यांवरचा चित्रपटही होता. अनुबोधपटाला इंग्रजीत जे नाव रूढ आहे ते १९२६ साली याच ग्रीअर्सनने फ्लॅहर्टीच्या 'मोआना' या चित्रपटाचे परीक्षण लिहिताना वापरले होते. म्हणजे अनुबोधपट आणि चित्रपट-मंडळ ही एकाच घरात वाढलेली भावंडे म्हणावी लागतील. बाजाराने ज्याला दार उघडले नाही, त्याला मंडळाने ओसरीवर जागा दिली.

आपल्या देशात मात्र अनुबोधपटाची सुरुवात याहूनही जुनी आहे, आणि ती एका मराठी माणसाने केली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे १९०१ मधील स्वागतही त्यांनी टिपले. तिकडे कलकत्त्यात हीरालाल सेन हे त्याच सुमारास कॅमेरा घेऊन हिंडत होते. १९०५ मध्ये वंगभंगाविरुद्धच्या निदर्शनांचे चित्रण त्यांनी केले. त्यांचे बहुतेक चित्रपट पुढे १९१७ साली आगीत जळून गेले. मुंबई आणि कलकत्ता या दोन बंदरांनी हा नवा डोळा जवळजवळ एकाच वेळी उघडला होता.

आणि प्रयोगपटाचे काय? 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कुंडीतले रोप आणि त्याच्यासमोर कॅमेरा जागचा न हलविता त्यांनी रोज थोडथोडे चित्रण केले. पडद्यावर ते सलग दाखविताच बीज अंकुरताना, देठ वर येताना, वेल वाढताना दिसू लागली. जे डोळ्यांना कधीच दिसत नाही ते कॅमेऱ्याने दाखविले. हा चित्रपट फाळक्यांनी जाहीर खेळासाठी केला नव्हता. भांडवल देऊ शकणाऱ्या मोजक्या माणसांना आपल्या विद्येची खात्री पटावी, एवढाच त्यांचा हेतू होता. मोजके प्रेक्षक, समोर स्वतः कलावंत, आणि पडद्यावर केवळ पाहण्याचा आनंद देणारी गोष्ट: बालीगंजच्या त्या खोलीचे बीज मला या वाटाण्यात दिसते.

आता कलकत्त्याकडे वळू. ऑक्टोबर १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिनेही पुरते झाले नव्हते, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, अशा वेळी तेथे कॅलकटा फिल्म सोसायटीची स्थापना झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्यांत चिदानंद दासगुप्त होते, हरिसाधन दासगुप्त होते, पुढे कलादिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेले बन्सी चंद्रगुप्त होते, आणि एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून काम करणारे सव्वीस वर्षांचे सत्यजित राय होते. राय हे बालीगंज सरकारी हायस्कूलचे विद्यार्थी. त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे रासबिहारी अॅव्हेन्यू आणि लेकच्या परिसरात गेली. दक्षिण कलकत्त्यातील सुशिक्षित मध्यमवर्ग, त्याची ग्रंथप्रीती, संगीताची आवड आणि संध्याकाळी जमणारा त्याचा 'अड्डा', या सर्वांचा संस्कार या मंडळावर होता. मंडळाने पहिला चित्रपट दाखविला तो 'बॅटलशिप पोटेम्किन'. लंडनच्या सोसायटीने अठरा वर्षांपूर्वी जो दिवा लावला होता, त्याच्याच ज्योतीवर ही नवी वात पेटविली गेली.

अशी मंडळे घरगुती जागेत चालू शकली यामागे एक साधे तांत्रिक कारण आहे. चित्रमंदिरातील पस्तीस मिलिमीटरची फिल्म त्या काळी नायट्रेटची असे आणि ती भडका घेई. तिच्यासाठी आगीपासून सुरक्षित असे यंत्रघर, परवाना आणि कार्बनच्या ज्योतीवर चालणारे अवजड यंत्र लागे. सोळा मिलिमीटरची फिल्म मात्र सहजी पेट न घेणाऱ्या अॅसिटेटची असे. तिचे यंत्र एका पेटीत मावे आणि घरच्या विजेवर चाले. तिचे चारशे फुटांचे रीळ अकरा मिनिटे आणि सोळाशे फुटांचे पाऊण तासाच्या आसपास चाले. एक रीळ संपून दुसरे चढविण्याच्या मधल्या वेळात दिवा लागे आणि चर्चा सुरू होई. वकिलातींच्या आणि माहिती-कचेऱ्यांच्या ग्रंथालयांत अशा छोट्या फिल्मचा साठा असे. त्यांत अनुबोधपटांचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे मंडळांच्या कार्यक्रमांत अनुबोधपटांना आरंभापासून मानाचे स्थान मिळाले ते केवळ तत्त्वामुळे नव्हे, उपलब्धतेमुळेही.

या उद्योगाला विरोधही झाला. कोणताही नवा छंद सभ्य घरात शिरताना होतो तसाच. ज्या घरात सभासद जमत त्या एका घराच्या मालकाने त्यांना बाहेर काढले. सिनेमावाल्यांच्या येण्याजाण्याने घराचे पावित्र्य बिघडेल, असे त्याला वाटत होते. व्यवसायातील मंडळीही या तरुणांवर रुष्ट होती. आमचे चित्रपट वाईट आहेत असे म्हणणारे हे कोण, हा त्यांचा प्रश्न होता. एकाच वेळी घरमालकाला हे लोक फार सिनेमावाले वाटत आणि सिनेमावाल्यांना ते मुळीच सिनेमावाले वाटत नसत. दोन्ही दारे बंद असलेल्या माणसांना मग स्वतःची खोली शोधण्यावाचून गत्यंतर नसते.

मंडळाच्या इतिहासातील भाग्याची घटना म्हणजे ज्याँ रेन्वारचे आगमन. प्रसिद्ध चित्रकाराचा हा पुत्र फ्रेंच चित्रपटातील अग्रगण्य दिग्दर्शक होता. रूमर गॉडेन यांच्या कादंबरीवरून 'द रिव्हर' हा रंगीत चित्रपट करण्यासाठी तो १९४९ साली कलकत्त्याला आला. राय त्याला हॉटेलमध्ये जाऊन भेटले आणि सुट्टीच्या दिवशी जागा शोधण्यासाठी त्याच्याबरोबर शहराबाहेर हिंडू लागले. बन्सी चंद्रगुप्तांना त्या चित्रपटाच्या कलाविभागात काम मिळाले. हरिसाधन दासगुप्तही चित्रीकरणात साहाय्यक होते. पुढे रायांचा छायाचित्रकार झालेला सुब्रत मित्र हा तरुण चित्रीकरण पाहायला रोज जाऊन उभा राही. मंडळाने रेन्वारला बोलावले, त्याच्याशी चर्चा केली. रायांनी त्याच्या कलकत्त्यातील वास्तव्यावर लिहिलेला लेख १९५० मध्ये इंग्लंडमधील 'सीक्वेन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रेन्वारने या तरुणांना काय दिले? यंत्रविद्या नव्हे; ती पुस्तकांतूनही मिळते. त्याने दिली ती नजर. केळीच्या झाडांचा एखादा पुंजका, तळ्याचा काठ, बैलगाडीची चाकोरी यांच्यापाशी तो थांबे. चित्रपटात पुष्कळ गोष्टी भरण्याची गरज नसते, ज्या असतील त्या मात्र नेमक्या असाव्यात, हे त्याचे सांगणे रायांनी मनावर कोरून घेतले. आपल्या अंगणातील वस्तू आपल्याला दिसत नाही. ती पाहुण्याला दिसते. पण त्या वस्तूचा अर्थ पाहुण्याला ठाऊक नसतो. तो आपल्याला ठाऊक असतो. या दोन अपुऱ्या दृष्टींची गाठ पडावी यासाठीच पाहुण्याला आणि यजमानाला एका खोलीत बसविण्याची आवश्यकता असते. 'द रिव्हर' हा चित्रपट भारतातील इंग्रज कुटुंबाचाच राहिला, ही त्याची मर्यादा होती. परंतु त्याच्या चित्रीकरणाच्या काठावर उभे राहिलेल्या मुलांनी काही वर्षांतच 'पथेर पांचाली' निर्माण केला, हे त्या भेटीचे खरे फळ होय.

रेन्वारनंतर रशियाचे दिग्दर्शक पुडोव्हकिन आणि नट चेर्कासोव्ह हे मंडळाचे पाहुणे झाले; पुढे अमेरिकेचे जॉन ह्यूस्टन आले. ह्यूस्टन यांनी अपुऱ्या 'पथेर पांचाली'चा काही भाग पाहिला आणि त्याची वाखाणणी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयापर्यंत पोहोचविली. मे १९५५ मध्ये तो चित्रपट तेथे प्रथम दाखविला गेला. कलकत्त्यात तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागला. ज्या चित्रमंदिरांत तो लागला, त्यांत हाजऱ्याच्या चौकातील बसुश्री होते. बालीगंजकरांना ते पायी जाण्याच्या अंतरावर. माझ्यासारख्या शासकीय सेवकाला या कथेतील आणखी एक तपशील गोड वाटतो. पैसे संपून अडलेल्या या चित्रपटाला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्या सरकारने द्रव्य पुरविले. चित्रपटासाठी खर्चाचे शीर्षक कचेरीत नव्हते. तेव्हा चित्रपटाच्या नावात रस्ता असल्याने ती रक्कम रस्तासुधारणेच्या खाती पडली, असे सांगतात. नियमांच्या पुस्तकात जागा नसताना चांगल्या कामासाठी जागा शोधणारा एखादा कारकून कोठेतरी असतोच. त्याचे नाव इतिहासात येत नाही, एवढेच.

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि मग तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेने, जी १९४८ साली स्थापन झाली होती, त्याची व्यवस्था पाहिली. डे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' या महोत्सवातून सामान्य प्रेक्षकांपुढे आला. तेच वर्ष संपता संपता कलकत्त्याचे मंडळ मात्र थंडावले. सभासद स्वतःच चित्रपट करू लागले होते. मग दाखविणार कोण? १९५६ साली ते पुन्हा उभे राहिले. त्याच सुमारास मेरी सीटन या इंग्लिश विदुषी भारतात आल्या आणि चित्रपट कसा पाहावा यावर गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. आयझेन्स्टाइनचे चरित्र लिहिणाऱ्या या बाईंनी पुढे १९७१ मध्ये सत्यजित रायांवरही ग्रंथ लिहिला.

येथे मला एका मराठी स्त्रीचे नाव आदराने घ्यावयाचे आहे. विजया मुळे यांचा जन्म मे १९२१ मधला, मुंबईचा. म्हणजे सत्यजित रायांहून त्या अवघ्या दोन आठवड्यांनी लहान. विवाहानंतर त्या पाटण्याला गेल्या. उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला असताना त्यांनी तेथील फिल्म सोसायटी पाहिली आणि परतल्यावर पाटण्यात चित्रपट-मंडळाच्या उभारणीला हात घातला. पुढे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात त्या दिल्लीला आल्या आणि तेथेही मंडळ उभे राहिले. डिसेंबर १९५९ मध्ये देशातील मंडळांचा महासंघ स्थापन झाला तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष आणि विजयाताई व चिदानंद दासगुप्त संयुक्त कार्यवाह होते. कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा, रुडकी अशा मोजक्या गावांची मंडळे त्या महासंघाच्या पायाशी होती.

यानंतर विजयाताई सेन्सॉर मंडळाच्या कचेरीत अधिकारी झाल्या आणि बदली होऊन कलकत्त्याला आल्या. हा योग विचार करण्यासारखा आहे. लोकांनी अधिकाधिक पाहावे यासाठी ज्यांनी मंडळे काढली, त्यांच्याच हाती लोकांनी काय पाहू नये हे ठरविणाऱ्या खात्याचे काम आले. दुसऱ्या एखाद्या व्यक्तीत या दोन भूमिकांचे भांडण झाले असते. विजयाताईंनी स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहून तो प्रश्न सोडविला, असे मला वाटते. कलकत्त्यात सत्यजित राय आणि फ्रेंच दिग्दर्शक लुई माल या दोघांशीही त्यांचा स्नेह होता. तेथेच त्यांनी 'द टायडल बोअर' हा हुगळीवरचा अनुबोधपट केला. समुद्राची मोठी भरती नरसाळ्यासारख्या अरुंद होत जाणाऱ्या मुखातून आत शिरते तेव्हा पाण्याची एक भिंतच उभी राहते आणि नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर धावत जाते. बंगालीत तिला 'बान' म्हणतात. तीरावरची होडी अशा वेळी काठावर आपटून फुटते. म्हणून नावाडी ती मध्य प्रवाहात नेतो आणि लाटेला सामोरा जातो. हा चित्रपट जर्मनीतील मानहाइमच्या महोत्सवापर्यंत गेला. पुढे १९७४ मध्ये त्यांनी मुलांसाठी केलेला 'एक अनेक और एकता' हा चलत्चित्रपट तर दूरदर्शनमुळे घरोघर पोचला. त्यांची कन्या सुहासिनी मुळे हिला मृणाल सेन यांनी 'भुवन शोम' या १९६९ च्या चित्रपटात नायिका केले. २०१९ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, विजयाताईंचे निधन झाले.

लुई मालचा उल्लेख आला, तेव्हा बालीगंजच्या त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत जायला हवे. माल प्रथम १९६७ च्या अखेरीस आला तो फ्रेंच चित्रपटांचा एक संच बरोबर घेऊन, म्हणजे चक्क चित्रपट-मंडळांचा पाहुणा म्हणून. जे पाहिले त्याने तो इतका हलला की जानेवारी १९६८ मध्ये एक छायाचित्रकार आणि एक ध्वनिमुद्रक एवढ्याच सहकाऱ्यांसह तो परत आला आणि काही महिने देशभर फिरला. त्यातून 'कलकत्ता' हा स्वतंत्र चित्रपट आणि सात भागांची चित्रमालिका तयार झाली. पहिल्या भागाला त्याने नाव दिले त्याचा अर्थ 'अशक्य कॅमेरा' असा होतो. त्या भागात खेड्यातील माणसे कॅमेऱ्याकडे टक लावून पाहतात आणि मालने ती दृश्ये तोडली नाहीत. आपण येथे आगंतुक आहोत, या नजरांना आपल्यापाशी उत्तर नाही, असे तो निवेदनात कबूल करतो.

कबुलीने अपराध संपतो असे नाही. १९७० साली ही मालिका ब्रिटिश दूरदर्शनवर दाखविली गेली तेव्हा भारत सरकारने तीव्र नापसंती व्यक्त केली आणि बीबीसीची दिल्लीतील कचेरी काही काळ बंद झाली. देशाचे दारिद्र्य पाहुण्याने जगाला दाखवावे, ही वेदना खोटी नव्हती. कलकत्त्याची ओळख मरणासन्न माणसे, कुष्ठरोग्यांच्या वस्त्या आणि मोर्चे एवढ्यापुरतीच उरावी, हे ज्या शहराने मंडळात रेन्वारशी वाद घातला त्याला कसे रुचावे? पण या वेदनेवर कचेरी बंद करणे हा उपाय होता काय, याचा विचार आज शांतपणे करता येतो. त्या चित्रपटाला खरे उत्तर आपल्या चित्रपटकारांनी दिले. सुखदेव यांनी 'इंडिया ६७' मध्ये निवेदनाचा एकही शब्द न वापरता देश दाखविला. प्रमोद पती यांनी 'एक्स्प्लोरर' आणि 'ट्रिप' यांसारखे प्रयोगपट केले, आणि तेही सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये राहून. मृणाल सेन यांनी १९७१ ते १९७३ या काळात कलकत्त्यावर तीन चित्रपट केले. त्यांतले शहर मालच्या शहराइतकेच अस्वस्थ आहे. फरक इतकाच की तेथे कॅमेरा घरातल्या माणसाच्या हातात आहे.

फिल्म्स डिव्हिजनचा उल्लेख करताना एक गोष्ट मनात येते. या संस्थेचे अनुबोधपट चित्रमंदिरांत मुख्य चित्रपटाआधी दाखविणे परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. प्रेक्षक कोट्यवधी होते. पण ते बाहेर विडी ओढीत उभे राहत आणि मुख्य चित्रपट सुरू झाला की आत येत. मंडळांचे प्रेक्षक मोजकेच होते. पण ते रिळांच्या मधल्या वेळातही भांडत. पाहण्याची सक्ती आणि पाहण्याची ओढ यांतील अंतर कोणत्याही अधिनियमाने भरून निघत नाही. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास निगमात विलीन झाली. तिच्या तळघरातील प्रमोद पतींचे प्रयोगपट आज तरुण मुले शोधून शोधून पाहतात, ती अशाच छोट्या खोल्यांत.

मंडळांच्या वाटेवर कायद्याचे काटे होते. परदेशी फिल्मवर जकात, खेळावर करमणूक कर, आणि प्रत्येक चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या नवव्या कलमात केंद्र सरकारला सूट देण्याचा अधिकार आहे. महासंघाने वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून त्याचा लाभ मंडळांना मिळवून दिला. या फायलींवर ज्यांनी सह्या केल्या आणि ज्यांनी केल्या नाहीत, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या मी जातीचा आहे. म्हणून एक कबुली मलाही द्यायची आहे.

कलकत्त्याला जाण्यापूर्वी मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात तरुण अधिकारी होतो. तेथील काही विद्यार्थ्यांनी एका पाहुण्या कलावंताचे अनुबोधपट दाखवून चर्चा करण्यासाठी सभागृहाच्या परवानगीचा अर्ज केला. अर्जात अयोग्य काही नव्हते. पण विषय काय, प्रश्न काय विचारले जातील, उत्तरे काय दिली जातील, असे खुलासे मी मागविले. प्रश्न आधी ठाऊक असते तर चर्चा कशासाठी, हे त्या मुलांना ठाऊक होते, मला नव्हते. खुलासे येईपर्यंत पाहुण्याची तारीख उलटून गेली. मी नकार दिला नाही. मी फक्त उशीर केला. कचेरीत उशीर हा नकाराचा सर्वांत सभ्य प्रकार असतो. नावाड्याच्या नजरेची मला भीती वाटली, असे त्या पाहुण्याने बालीगंजमध्ये सांगितले, तेव्हा त्या खोलीत आणखी एका माणसाला स्वतःची भीती आठवली होती.

बालीगंजमध्ये ही परंपरा अनेक रूपांनी चालू राहिली. जर्मनांचे मॅक्स म्युलर भवन दीर्घकाळ बालीगंज सर्क्युलर रोडवर होते. त्या रस्त्याला पुढे 'देवदास'चे दिग्दर्शक प्रमथेश बरुआ यांचे नाव देण्यात आले. नंतर ती संस्था पार्क स्ट्रीटकडे गेली. १९६५ मध्ये सिने सेंट्रल हे मोठे मंडळ शहरात उभे राहिले आणि १९८५ मध्ये 'नंदन' हे सरकारी चित्रपट केंद्र सुरू झाले. आता बालीगंजमध्ये कलादालनेही चित्रफिती दाखवितात आणि त्या करणाऱ्यांना बोलावितात. आपल्याकडे मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने हे काम निष्ठेने केले; पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर तेथल्या दुर्मिळ प्रतींनी अनेक मंडळांचे पडदे उजळले. सोळा मिलिमीटरची पेटी आता गेली. बटन दाबताच जगातील कोणताही चित्रपट घरी दिसू शकतो. मग अशा खोलीची गरज उरली आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील.

माझे उत्तर त्या वृद्ध गृहस्थांनी आधीच देऊन ठेवले आहे. चित्रपट घरी दिसतो. चित्रपट करणारा घरी येत नाही. त्याला समोर बसवून, 'दृश्य येथेच का तुटले?' असे विचारता येणे, आणि त्याने थोडे थांबून खरे उत्तर देणे, यासाठी चार भिंती, एक पडदा आणि काही माणसे लागतात. लंडनमध्ये, कलकत्त्यात, पाटण्यात ज्यांनी अशा खोल्या मिळविण्यासाठी खटपट केली त्यांनी चित्रपट दाखविले एवढेच नव्हे. पाहणाऱ्याला उलट पाहण्याचा अधिकार मिळवून दिला.

बान येते तेव्हा काठाशी बांधून ठेवलेली होडी फुटते, मध्य प्रवाहात नेलेली तरते, हे हुगळीचे नावाडी जाणतात. माझ्या टेबलावर आजही अधूनमधून तशा परवानगीचा एखादा अर्ज येतो. मी खुलासा मागवीत नाही. सही करतो, आणि जमल्यास मागच्या रांगेत जाऊन बसतो.